कुणाकडून शिकलात?

२००५ साली ग्रॅमी पुरस्कारांत हवाईयन संगीताला पहिल्यांदा स्वतंत्र विभाग मिळाला. नामांकनात केआलिई राइशेल होते, ब्रदर्स काझिमेरो, होओकेना, एमी हानाइआलिई आणि विली के होते. हवाईयन भाषेत गाणाऱ्यांमधली ही मोठी नावं. पुरस्कार गेला स्लॅक-की गिटारच्या, म्हणजे तारा सैल करून वाजवायच्या गिटारच्या, एका वाद्यसंकलनाला. पुढची तीन वर्षंही स्लॅक-कीचीच संकलनं जिंकली. सात वर्षांत सात पुरस्कार, त्यातली पाच अशी संकलनं, आणि २०११मध्ये अकादमीने विभागच गुंडाळला. मत देणारे बहुतेक सभासद अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे. गिटार त्यांच्या कानाला कळली, भाषा कळली नाही. शंभर वर्षं गळा आवळलेली भाषा ज्यांनी गाण्यातून जिवंत ठेवली, त्यांना त्या निकालांचं काय वाटलं असेल? आणि तीच भाषा गेलेल्या पिढ्यांमध्ये ज्यांनी केवळ बोटांतून संगीत टिकवलं, त्यांना 'तुमचं वादन खरं हवाईयन नाही' हे ऐकताना काय वाटलं असेल?

तेव्हाचा हा वाद आजही संपलेला नाही, फक्त त्याची जागा बदलते. कधी तो उच्चारांवरून होतो, कधी एखाद्या ट्यूनिंगवरून, कधी बाहेरच्या माणसाने हुला हा तिथला नाच शिकवावा का यावरून. आणि दर वेळी तो दोन वाक्यांपाशी येऊन अडतो. एक बाजू म्हणते, हे आमचं आहे, तुम्ही हात लावू नका. दुसरी म्हणते, संगीताला मालक नसतो. मी कॅलिफोर्नियात राहते, गेली काही वर्षं हे संगीत शिकते आहे, आणि ही दोन्ही वाक्यं मला आता ऐकवत नाहीत. दोन्ही बाजू मालकीबद्दल भांडतात आणि शिकण्याबद्दल कुणीच बोलत नाही. माझं म्हणणं साधं आहे. मतभेद झाला की 'बरोबर कोण' हे ठरवायच्या आधी 'तुम्ही हे कुणाकडून शिकलात' असं विचारावं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणं दोघांनाही बंधनकारक असावं. जो वडीलधारा आहे त्यालाही, आणि जो पुस्तकातून शिकून आला आहे त्यालाही.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते एका कनिकापिलात. कनिकापिला म्हणजे गोल करून बसून एकत्र वाजवणं. कुणी उकुलेले, म्हणजे चार तारांचं छोटं गिटारसारखं वाद्य, आणतं, कुणी गिटार, कुणी भाताचा डबा. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आंटी आहेत. हवाईयन माणसं वडीलधाऱ्यांना आंटी-अंकल म्हणतात, आपण काकू-काका म्हणतो तसं. त्या डोळे मिटून गात होत्या. गाणं संपल्यावर विशीतला एक मुलगा, विद्यापीठात हवाईयन भाषा शिकलेला, अगदी नम्रपणे म्हणाला, "आंटी, दुसऱ्या कडव्यात ओकिना राहिला." आंटींनी उकुलेले मांडीवरून उचलून केसमध्ये ठेवलं आणि दोन्ही खटके लावले. कुणी काही बोलेना. शेवटी कुणीतरी विचारलं, "आंटी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "आजीने. मोलोकाई बेटावर. कपडे वाळत घालताना म्हणायची. तिने कधी अर्थ सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही."

ओकिना म्हणजे घशात क्षणभर श्वास अडवून केलेलं व्यंजन. आपल्या कानाला तो ऐकूही येत नाही, पण हवाईयनमध्ये त्याने अर्थ उलटापालटा होतो. 'पाउ' म्हणजे संपलं, मधे ओकिना आला तर काजळी, आणि दोन्ही स्वर लांबवले तर घागऱ्यासारखं नेसायचं वस्त्र. तेव्हा त्या मुलाचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. एका श्वासाच्या चुकीने प्रेमगीतात काजळी येऊ शकते. पण आंटींची बाजूही नुसती हळवेपणाची नाही. १८९३मध्ये राणी लिलिउओकलानींची सत्ता उलथवली गेली आणि १८९६च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचं माध्यम झालं. मुलांना हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. आईबापांनी मुलांशी घरातही इंग्रजी बोलायला सुरुवात केली. म्हणजे आंटींच्या आजीने अर्थ सांगितला नाही तो निष्काळजीपणाने नव्हे. भाषा देणं धोक्याचं झालं होतं, म्हणून तिने चाल दिली आणि चालीच्या आत भाषा लपवून दिली. त्या मुलाच्या हातातला शब्दकोश आणि आंटींच्या गळ्यातलं कडवं ही एकाच घराची दोन वाटणीपत्रं आहेत. 'बरोबर कोण' एवढंच विचारलं तर त्यातलं एक फाडावं लागतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा घेऊ. तो असा की मुळात 'शुद्ध' हवाईयन संगीत शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. १७९३मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरने पहिल्या कामेहामेहा राजाला गुरं भेट दिली. ती इतकी वाढली, इतकी माजली, की १८३०च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाच्या काळात त्यांना आवरायला मेक्सिकन गुराखी बोलवावे लागले. त्यांच्यासोबत गिटार आली. उकुलेलेचा पूर्वज मदैराच्या पोर्तुगीज मजुरांबरोबर १८७९ साली 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून होनोलुलूच्या धक्क्यावर उतरला. स्तोत्रांतलं समूहगायन मिशनऱ्यांचं. मग बाहेरच्यांना कुठल्या तोंडाने अडवायचं?

हे सगळं खरं आहे, आणि मी ते पूर्ण मान्य करते. पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. गुराख्यांची गिटार हवाईत आली तेव्हा तिथल्या माणसांनी काय केलं ते पाहा. त्यांनी तारा सैल केल्या. गिटारच्या नेहमीच्या जुळणीतली पहिली आणि सहावी तार प्रत्येकी एक स्वर उतरवा, पाचवीही एक स्वर उतरवा. जाडीकडून बारीककडे डी-जी-डी-जी-बी-डी असं होतं. याला तिथे टॅरो पॅच म्हणतात, म्हणजे अळूचा वाफा. डाव्या हाताचं एकही बोट न ठेवता उजवा हात फिरवला की सहाही तारा एकमेकींशी गोडीने बोलतात. मग अंगठ्याने खालच्या तारांवर ठेका धरायचा, आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर गाणाऱ्याच्या ओळीचा मागोवा घ्यायचा. सैल तार किंचित लोंबते, फ्रेटला लागून कुजबुजते. ती कुजबूज काढून टाकावी असं तिथल्या वादकाला वाटत नाही. हे उसनं घेणं आहे, पण त्या उसन्यावर वर्षानुवर्षं बसून, गळ्यातल्या गाण्याला हाताशी आणून केलेलं काम आहे. 'सगळंच उसनं, म्हणून सगळं खुलं' असं म्हणणारे या मधल्या वर्षांचा हिशोबच सोडून देतात. वस्तू समुद्रावरून आली. शिकणं मात्र घराघरात झालं.

आणि घराघरात झालं म्हणूनच दुसरा आक्षेप येतो, जो मला पहिल्याहून अवघड वाटतो. घरंच गुपितं ठेवू लागली. स्लॅक-कीच्या जुळण्या कुटुंबाची मालमत्ता होत्या. परका माणूस समोर आला की वादक गिटार खाली ठेवण्याआधी तारा उतरवून टाकायचे, म्हणजे जुळणी कळू नये, असं जुन्या वादकांबद्दल सर्रास सांगितलं जातं. अशा किती जुळण्या म्हाताऱ्यांबरोबर गेल्या असतील? गॅबी पाहिनुई यांनी १९४६मध्ये 'हिइलावे' ध्वनिमुद्रित केलं तेव्हा स्लॅक-की पहिल्यांदा तबकडीवर आली. १९७३मध्ये केओला बीमर यांनी स्लॅक-की शिकण्याचं पहिलं पुस्तक छापलं. ज्या परंपरेत जुळणी सख्ख्या पुतण्यालाही सहज मिळत नव्हती, तिथे ती कुणालाही पैसे देऊन विकत घेता येऊ लागली. हे आपल्याला अनोळखी नाही. पंडित भातखंडे घराणेदार उस्तादांकडून चिजा मिळवत देशभर हिंडले, स्वरलिपीत छापल्या, आणि त्याबद्दल घराण्यांचा रोषही पत्करला. ते नसते तर आज हजारो बंदिशी नसत्या, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतील. तेव्हा 'गुपित फोडणारा तो चोर' हा पवित्रा मला कधीच पटलेला नाही. बीमर यांनी दार उघडलं नसतं तर माझ्यासारखीला हे संगीत कुठून कळणार होतं?

पण भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तकमालिका' उघडून पाहा. चीज आहे, राग आहे, ताल आहे. ती कुणाच्या गळ्यातून उतरवली हे बहुतेक चिजांवर लिहिलेलं नसतं. बंदिश टिकली, पण जिच्या तोंडून ती आली ती व्यक्ती पानावरून पुसली गेली. पुढे दोन गायक एकच चीज वेगळी गायले की भांडण जुंपतं, आणि ते सोडवायला काहीच हाती नसतं, कारण दोघांचीही वाट पुसलेली असते. गुपित फोडणं आणि माग पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचं समर्थन मी करीन. दुसऱ्याची गरज कधीच नव्हती.

मी स्वतः ही चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याला गेले असताना मैत्रिणींना एक तुकडा शिकवला. छापील टॅब्लेचरवरून, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं हे दाखवणाऱ्या खुणांवरून, बसवलेला होता. एकीने विचारलं, तिथे असंच वाजवतात का? मी म्हटलं, हो, असंच. कुठल्या घरात, कुठल्या बेटावर, कुणाच्या हातून, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. माझ्या त्या 'हो'मधून एका अनोळखी माणसाने केलेलं सोपं रूप 'परंपरा' बनून तीन घरांत गेलं. आज ते मागे घेता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की 'कुणाकडून शिकलात' हा प्रश्न विचारणंच हिणवणं आहे. ज्याच्या आसपास हजार मैलांवर कुमू नाही, म्हणजे गुरू नाही, त्याने काय सांगावं? आणि वंशावळ विचारायची सवय लागली की कुळाची मिरास सुरू होते. आपल्याकडे 'कुठल्या घराण्याचे' या प्रश्नाने किती चांगले गाणारे बाहेर उभे राहिले ते आपण जाणतो. हा धोका खरा आहे. म्हणूनच मी वर म्हटलं की प्रश्न दोघांना बंधनकारक हवा, आणि त्याचं कुठलंही खरं उत्तर चाललं पाहिजे. 'पुस्तकातून' हे उत्तर आहे. 'एका रेकॉर्डवरून, चाळीस वेळा सुई मागे नेऊन' हेही उत्तर आहे. एडी कामाए उकुलेलेचे उस्ताद होते, पण तरुणपणी त्यांना हवाईयन गाण्यांत रस नव्हता. गॅबी पाहिनुईंच्या सहवासाने ते वळले, १९६०मध्ये दोघांनी मिळून 'सन्स ऑफ हवाई' उभं केलं. आणि मग त्यांना जाणवलं की आपण गातो त्या शब्दांचा तळ आपल्याला दिसत नाही. ते हवाईयन भाषा आणि लोकपरंपरेच्या अभ्यासक मेरी कावेना पुकुई यांच्याकडे गेले, वाइपिओ खोऱ्यातले वृद्ध गीतकार सॅम लिआ यांच्याकडे गेले. जन्माने हवाईयन, नाव झालेला कलावंत, तरी दारोदार जाऊन विचारणारा. त्यांना कुळाने सूट दिली नव्हती. त्यांनी स्वतःलाही ती दिली नाही.

पुकुईंनी गोळा केलेल्या म्हणींमध्ये दोन म्हणी अशा आहेत की त्या शेजारी ठेवल्याशिवाय हा वाद समजतच नाही. एक सांगते: डोळ्यांनी बघ, कानांनी ऐक, तोंड बंद ठेव. रक्षणवादी मंडळी ही म्हण नवख्यांच्या तोंडावर मारतात. दुसरी सांगते: सगळं ज्ञान एकाच हालाउत संपत नाही. हालाउ म्हणजे शिकण्याचं घर, शाळा. ही म्हण मुक्तवादी मंडळी झेंड्यासारखी फडकवतात. माझ्या मते त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत, त्यांना क्रम आहे. आधी एका घरात तोंड मिटून बस, इतकं की त्या घराचं शिकणं अंगात उतरेल. मग बाहेर पड आणि जाणून घे की शेजारच्या घरात तेच गाणं वेगळं आहे आणि तेही खोटं नाही. पहिली पायरी गाळली तर तुमचं वेगळेपण नुसतं अज्ञान असतं. दुसरी गाळली तर तुमची निष्ठा दुसऱ्याच्या आजीला खोटं ठरवते. आमच्यातला तो मुलगा शिकला होता, भरपूर शिकला होता. त्याला अजून शेजारचं घर दिसलं नव्हतं.

मतभेद टाळायलाच हवेत असं मानणारा एक तिसरा गटही आहे, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त चीड त्यांची येते. हे लोक प्रत्येक वादावर 'अलोहा', म्हणजे प्रेम-जिव्हाळा, हा शब्द पसरतात. अलोहा आहे ना, मग भांडता कशाला? जणू हवाईयन माणूस जन्मतःच हसरा, गळ्यात हार घालून पाहुण्यांचं स्वागत करायला ठेवलेला. १८९३च्या सत्तापालटानंतर रॉयल हवाईयन बँडमधल्या वादकांना नव्या सरकारशी एकनिष्ठ राहण्याच्या कागदावर सही करायला सांगितलं. त्यांनी नाकारली. पगार जाईल, दगड खावे लागतील, असं त्यांना बजावलं गेलं. त्यांच्या विनंतीवरून एलन प्रेंडरगास्ट यांनी 'काउलाना ना पुआ' हे गाणं लिहिलं, आणि त्यात ते दगडच अभिमानाने स्वीकारले आहेत: आम्हाला या भूमीचं अद्भुत अन्न असलेले दगड पुरेसे आहेत. चाल इतकी प्रसन्न की अर्थ न कळणाऱ्याला ते स्वागतगीतच वाटावं. ज्या संगीताच्या लाडक्या गाण्याच्या पोटात असा स्वच्छ नकार आहे, त्याच्या नावाने मतभेद गप्प करायचे?

मतभेद हाताळायचे कसे हेही त्या संस्कृतीने कसोशीने घडवलेलं आहे, आणि दुर्दैवाने तेच आपल्यापर्यंत सगळ्यात विद्रूप होऊन पोचलं आहे. 'होओपोनोपोनो' हा शब्द आपल्याकडे आता चार वाक्यांचा मंत्र म्हणून फिरतो: मला वाईट वाटतं, क्षमा कर, धन्यवाद, माझं तुझ्यावर प्रेम आहे. एकट्याने डोळे मिटून म्हणायचा. पुकुईंनी वर्णन केलेलं होओपोनोपोनो एकट्याने करताच येत नाही. कुटुंब एकत्र बसतं, प्रार्थना होते, एक वडीलधारी व्यक्ती सूत्रं धरते. भांडणारे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते त्या व्यक्तीला सांगायचं, म्हणजे शब्दाला शब्द लागून पेटत नाही. राग चढला तर मध्ये मौन पाळायचं. अपराध वेगळा काढायचा आणि त्यातून वाढलेला गुंता वेगळा, कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसा. मग माफी मागायची, सोडून द्यायचं, आणि शेवटी एकत्र जेवायचं. हे कुटुंबासाठी आहे, अनोळखी लोकांच्या मेळाव्याला ते जसंच्या तसं लागू होणार नाही, हे मला कळतं. ज्यांना उद्या एकमेकांचं तोंड बघायचं नाही त्यांना कांदा सोलायला बसवता येत नाही. पण एवढं तरी त्यातून घेता येतं की अपराध आणि गुंता वेगळे असतात. ओकिना गाळला गेला ही एक लहानशी चूक, आणि तीही कदाचित चूक नव्हे. तिच्याभोवती १८९६ आहे, आजीचं मौन आहे, विद्यापीठाची पदवी आहे, ग्रॅमीची जखम आहे. आपण गुंत्यावरचा राग त्या चुकीवर काढतो.

आपल्या लोकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण या वादात आपणही नकळत ओढले जातो. हवाईयन गिटार, म्हणजे तारांवरून पोलादी तुकडा सरकवत वाजवायची स्टील गिटार, आपल्याला परकी नाही. सामोआचे ताउ मोए १९४०च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले. व्हॅन शिप्लेंसारख्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीतात तिचा सूर रुजवला. तार घासत नेण्यातून आपली मींड निघते म्हणून शास्त्रीय वादकांनीही ती जवळ केली. आता ही स्टील गिटार कुणी शोधली याबद्दल तीन नावं घेतली जातात: लाइए गावचे जोसेफ केकुकू, जेम्स होआ, आणि भारतात जन्मलेला खलाशी गॅब्रिएल डेव्हिओन. तिसरं नाव कळलं की आपल्यातल्या कुणाची तरी छाती फुगतेच, आणि 'हवाईयन गिटार मुळात भारतीयाने शोधली' हे वाक्य पुढच्या वर्तुळात जातं. मला हे लाजिरवाणं वाटतं. डेव्हिओनचं नाव दडपू नये. त्याने तारेवरून काहीतरी घासत वाजवलं असेल. पण पोलादी तुकडा घडवून घेणं, त्यावर तंत्र बसवणं, ते मित्रांना शिकवणं, १९०४मध्ये बेट सोडून आयुष्यभर ते जगाला ऐकवत राहणं, हे केकुकूंचं. जगातले स्टील वादक आपला माग काढत मागे गेले तर त्या हातापाशी पोचतात. डेव्हिओनकडून शिकल्याचं सांगणारी अशी साखळी आहे का? तिथे 'पहिला कोण' या प्रश्नापेक्षा 'कुणाकडून शिकलात' हा प्रश्न अधिक न्याय करतो, आणि तो आपल्या बाजूने निकाल देत नाही म्हणून सोडून द्यायचा नसतो.

त्या दिवशी आंटींनी पुन्हा उकुलेले बाहेर काढलं नाही. सगळ्यांनी त्यांना समजावलं, त्या मुलाने माफी मागितली, आणि डबे उघडले गेले. पण एक गोष्ट राहून गेली. आंटींना विचारलेला प्रश्न त्या मुलाला कुणीच विचारला नाही. आम्ही गृहीत धरलं की तो विद्यापीठातून आला आहे, म्हणजे त्याचं शिकणं कागदी. पण १९७२पासून लॅरी किमुरा यांनी 'का लेओ हवाई' या रेडिओ कार्यक्रमात मातृभाषा हवाईयन असलेल्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं बोलतं केलं, आणि ती ध्वनिमुद्रणं ऐकत भाषा शिकलेले शिक्षक आज शिकवतात. त्या मुलाचा ओकिनाही कुणा आजीच्या घशातून आलेला असू शकतो. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा बसतो आहोत. आंटी येणार म्हणाल्या आहेत. मी त्याच्या शेजारी बसणार आहे.